पिवळे दाणे

आलुतागुसेच्या जंगलातली ही झोपडी सरकारी,
म्हणजे कुणाचीच नाही, म्हणून दाराला कुलूप नाही.
आत लोखंडी शेगडी, झोपायला दोन फळ्या,
साखळीने बांधलेली कुऱ्हाड
आणि खिळ्याला लटकवलेली वही.
नियम एकच, दारावर खडूने लिहिलेला :
जाळाल तेवढी लाकडं फोडून ठेवा.

वहीत लोक काय काय लिहितात.
"पहाटे दोन मूस. एक आमच्याकडे बघत होतं."
"पाऊस. पाऊस. पत्त्यांतला राजा हरवला."
"अस्वल नाही, पण विष्ठा ताजी. तानेल घाबरला, मी नाही."
कुणीतरी घुबड काढलंय, ते कोंबडीसारखं दिसतं.
आणि दर एप्रिलला, त्याच तिरक्या अक्षरात,
नुसते आकडे :
अकरा. सात. सात. चार.

ते अक्षर हेल्दुरचं, माझ्या नवऱ्याचं.
माणूस मुलखाचा अबोल.
लग्नात 'हो' म्हणाला तेही
नोंदणी कचेरीतल्या बाईला दोनदा विचारावं लागलं.
तीस वर्षं त्यानं याच जंगलात झाडं पाडली,
आता पेन्शनीत त्याच जंगलात गुडघे टेकतो
प्रत्येक जुन्या ॲस्पेनच्या बुंध्याशी,
बर्फाखालून निघालेली काळी पानं
बोटांनी एकेक बाजूला सारतो
आणि शोधतो लेंड्या.
हो, लेंड्याच. उडत्या खारीच्या,
तांदळाच्या दाण्याएवढ्या, हळदीसारख्या पिवळ्या.
दाणे सापडले की झाडाला निळी फीत,
फीत बांधली की करवत दूर.
खार स्वतः कुणाला दिसत नाही.
दिसली तरी लोक म्हणतात, पान पडलं वाटतं.

यंदा आम्ही पोचलो तेव्हा झोपडीत तार्तूचं एक कुटुंब,
गळ्यात दुर्बिणी, थर्मासमध्ये कोको.
संध्याकाळभर पोकळीकडे टक लावून बसले होते बिचारे,
मान आखडली, खार नाही.
त्यांचा ऊकू, आठेक वर्षांचा, समोरचा दात पडलेला,
हेल्दुरला म्हणाला,
आजोबा, तुम्ही किती पाहिल्यात?

एक, हेल्दुर म्हणाला.
शेगडीत लाकूड सरकवलं. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाला,
सत्त्याऐंशी साल, फेब्रुवारी.
सगळा पट्टा साफ केला होता आम्ही,
शेवटचं ॲस्पेन आडवं पडलं, आणि पोकळीतून ती निघाली.
करडी. डोळे केवढे.
खोडाच्या टोकावर बसून तिनं चहूकडे पाहिलं.
तिला उभं काहीतरी लागतं, जाऊन चिकटायला.
उभं काहीच नव्हतं.
मीच होतो.

बाहीवर येऊन बसली.

मग? ऊकू म्हणाला.
मग काय. उभा राहिलो.
किती वेळ?
अंधार पडेपर्यंत.
बाकीचे ट्रॅक्टरवर बसून निघून गेले, मी हाक मारली नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.
ती संध्याकाळ मात्र आठवली.
सूप गार झालं होतं,
मी दारातच तोंड सोडलं होतं,
आणि तो डावा हात अंगापासून लांब धरून
कोट तसाच घालून बसला होता, खुळ्यासारखा.

सकाळी ते गेले. वहीत ऊकूचं अक्षर :
"खार नाही. बाही पाहिली."

आम्ही झाडं मोजली. एक, दोन, नऊ, सगळी कोरी.
दहाव्याशी हेल्दुरचे गुडघे बोलू लागले,
म्हणून मी वाकले. मॉस ओलं, बोटं बधिर.
एकच दाणा.
तळहातावर घेतला तर वजनच नाही,
आहे की नाही ते बघायला पुन्हा पुन्हा बघावं लागलं.
तो म्हणाला, जुना असेल.
मी म्हटलं, असू दे.

निळी फीत त्यानं बांधली, गाठ मी मारली.
वहीत आकडा मला लिहायला लावला.
मग लाकडं फोडली,
जाळली होती त्याहून एक ढलपी जास्त.